देव्हाऱ्यातली फटफटी

जुन्या फटफटीला दोन शत्रू असतात. एक भंगारवाला आणि दुसरा रसिक. यांपैकी भंगारवाला हा सरळ मनाचा माणूस. तो तुमच्या गाडीकडे बघतो, टायरला एक लाथ घालतो, 'किलोच्या भावानं घेईन' म्हणतो आणि तिला एकदाची सोडवतो. त्याच्या व्यवहारात लबाडी असलीच तर ती तराजूपुरती असते. रसिकाचं तसं नाही. तो गाडीकडे ओलावलेल्या डोळ्यांनी बघतो, 'अहाहा, काय सोनं आहे हो तुमच्याकडे!' म्हणतो, आणि तिला नेऊन अशा ठिकाणी उभी करतो की पुन्हा जन्मात तिच्या तोंडून 'फट्' एवढंही अक्षर निघू नये.

हा लेख रसिकांविरुद्ध आहे. भंगारवाल्यांनी वाचला नाही तरी चालेल.

आधी शब्दाचा निकाल लावू. पूर्वी जुन्या गाडीला जुनी गाडी म्हणत. फारच जुनी असली तर डबडं म्हणत, आणि चालवणारा नात्यातला असला तर खटारा म्हणत. आता तिला 'व्हिंटेज' म्हणतात. नाव बदललं की किंमत बदलते, वस्तू तीच राहते, हे बँकेतल्या माणसाला कोणी शिकवायला नको. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, खुर्ची तीच, पलीकडून 'किती वेळ लागेल हो?' हा प्रश्नही तोच. पण घरी लग्नाच्या वयाचं कोणी असतं तर या नावावर स्थळ चांगलं आलं असतं. जावा मोटरसायकलचं असंच झालं. जावा होती तोवर 'अजून तीच चालवता?' असं लोक कीव करून विचारत. व्हिंटेज झाल्यापासून 'कितीला देता?' असं विचारतात.

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय मला करमत नाही. आयकराच्या हिशेबात वाहनाला दरसाल १५ टक्के घसारा धरतात. सोयीसाठी गाडीची मूळ किंमत तीन हजार रुपये धरा. दरवर्षी उरलेल्या रकमेवर १५ टक्के कापत गेलं तर पन्नास वर्षांनी हातात एकोणनव्वद पैसे उरतात. म्हणजे पुस्तकी नियमानं पन्नास वर्षांच्या फटफटीत एक लिमलेटची गोळीही येऊ नये. आणि त्याच गाडीला रसिक लाखाच्या पुढे बोलतो! एकोणनव्वद पैसे आणि लाख रुपये यांच्यामधला जो फरक, त्याला रसिक 'हेरिटेज' म्हणतो. हे लाख रुपये तो गाडी चालवण्यासाठी देत नाही, न चालवण्यासाठी देतो, एवढंच माझं म्हणणं आहे. वाचकांना अतिशयोक्ती वाटत असेल तर त्यांनी एखाद्या रविवारी माझ्याबरोबर आमच्या मुळशी तालुक्यात फिरावं.

पुण्याहून चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मग धरण आणि पुढे ताम्हिणी घाट. या रस्त्याला पावसाळ्यात जितकं पाणी नसतं तितकी रिसॉर्टं आहेत. प्रत्येक रिसॉर्टच्या दारात जुन्या वस्तूंचं एक वृद्धाश्रम असतं. तांब्याचा बंब, त्यात मनीप्लँट. दगडी जातं, त्यावर काच टाकून केलेलं टेबल. बैलगाडीचं चाक, त्याला लावलेले दिवे. पाटा-वरवंटा, नुसताच. आणि आता या मंडळींत एक मोटरसायकल येऊन उभी राहते. मी पाहिलेली एक जावा तर भिंतीवर टांगलेली होती. सीटवर कुंडी, टाकीवर 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी. इंजिन आतून रिकामं केलेलं होतं, वजन कमी व्हावं म्हणून. लोक तिच्याखाली उभे राहून मिसळ खात होते. एक आजोबा मात्र मिसळ खायची सोडून वर बघत बसले होते. त्यांच्याकडे बघवेना. आपल्या बरोबरीच्या माणसाला कोणी भिंतीला टांगलेलं बघितलं की असंच होत असणार.

मालकाला मी म्हटलं, "अहो, ही चालती गाडी होती."

तो म्हणाला, "साहेब, आताच खरी चालतीय. हिच्यामुळे गिऱ्हाईक थांबतं."

धंदेवाईक माणूस आहे, त्याला मी सोडून देतो. त्याला पाटा आणि पिस्टन सारखेच. माझं भांडण आहे ते ज्याला पिस्टन कळतो त्याच्याशी.

हा दुसरा प्रकार म्हणजे जीर्णोद्धारक. आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचा जरा धसकाच घ्यावा अशी परिस्थिती आहे. आमच्या बाजूच्या खेड्यांत कौलारू, लाकडी खांबांची सुंदर देवळं होती. गावाला पैसे आले, समिती झाली, आणि देवाच्या डोक्यावर स्लॅब पडला. भिंतींना बाथरूमच्या फरश्या, कळसाला ऑइलपेंट, आणि देव दिसण्याआधी देणगीदारांची नावं दिसतील अशी व्यवस्था. पण एक मानलं पाहिजे. त्या देवळात रोज घंटा वाजते. पोरं खेळतात, म्हातारी माणसं टेकतात, कीर्तन होतं, भांडणं होतात. देऊळ कुरूप झालं पण देऊळ राहिलं. फटफटीच्या जीर्णोद्धारात नेमकं उलट घडतं. ती सुंदर होते आणि फटफटी राहत नाही.

एका फार्महाऊसवर अशी एक गाडी मला दाखवण्यात आली. 'दाखवण्यात आली' हाच शब्द बरोबर. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो तसा तो होता. आधी पोहे झाले. मग शटर वर गेलं. मग गाडीवरचं मखमली आच्छादन दोघांनी दोन टोकं धरून उचललं. किरमिजी रंग, पांढऱ्या बारीक रेघा, टाकीच्या दोन्ही गालांवर असा क्रोम की आपल्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत. प्रत्येक नट नवा, प्रत्येक वायर नवी. कारखान्यातून निघाली त्या दिवशीही ती इतकी चांगली दिसली नसेल, कारण त्या दिवशी ती विकायची होती, पुजायची नव्हती.

मी विचारलं, "किती चालवता?"

"छे हो!" यजमान दचकले. "धूळ बसते."

"निदान चालू तरी करता?"

"सायलेन्सर निळा पडतो."

मी मीटर पाहिला. तीन किलोमीटर. तेही बहुधा टेम्पोतून उतरवून ढकलत आणताना झाले असावेत. त्या जावेला दोन चाकं, दोन सायलेन्सर आणि एक देव्हारा होता. बँकेत अशा स्थितीला आमच्याकडे शब्द आहे. खात्यावर दोन वर्षं ग्राहकानं काही व्यवहार केला नाही की ते 'निष्क्रिय' होतं. दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मग वारसांना कागद घेऊन हेलपाटे. रक्कम बुडत नाही, पण तिच्यातला जीव गेलेला असतो. मखमलीखालच्या गाड्या या निष्क्रिय खाती आहेत. फक्त यांचं केवायसी चकचकीत असतं.

आता रसिक म्हणेल, 'मी निदान जपतो तरी. तुम्ही चालवून झिजवता.' इथेच त्याला यंत्र कळत नाही हे उघड होतं. कारण टू-स्ट्रोक इंजिन उभं राहून जपलंच जात नाही.

थोडं यंत्राचं सांगतो, कंटाळा करू नका. फोर-स्ट्रोक गाडीच्या पोटात तेलाचा साठा असतो. आमच्या जुन्या जावेचं, येझ्दीचं, राजदूतचं तसं नाही. या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आम्ही लिटरला ४० मिलिलिटर घालतो. हे मिश्रण कार्बोरेटरमधून आत जातं, क्रँकच्या बेअरिंगांना भिजवतं आणि मग जळतं. म्हणजे गाडी धावते तेव्हाच तिच्या सांध्यांना तेल मिळतं. रोजंदारीचा माणूस जसा काम केलं तर जेवतो, तसं हे इंजिन आहे. याला मखमल पांघरून बसवून ठेवणं म्हणजे रोजंदारीवाल्याला 'तू फार मौल्यवान आहेस, कामावर जाऊ नकोस' असं सांगण्यासारखं आहे. तो मानानं उपाशी मरेल.

त्यातून आमची हवा मुळशीची. इथे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस गणपती उठेपर्यंत पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. गंजायला इथे लोखंडच लागतं असं नाही. घरातली पापडं गंजतात, उशा गंजतात, नातेसंबंध गंजतात. अशा हवेत चार महिने न फिरलेल्या क्रँकच्या बेअरिंगांवर काय चढत असेल ते वरच्या क्रोमवरून कळत नाही. ऑइलसील सुकून कडक होतात. आणि पाचव्या वर्षी एखाद्या प्रदर्शनासाठी किक मारली की सगळं एकदम बाहेर येतं, आवाज सोडून.

भरीला पेट्रोल बदललं आहे. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. पश्चिम महाराष्ट्रात ऊस आधीच गुऱ्हाळात होता, साखरेत होता, सहकारात होता, निवडणुकीत होता. आता तो फटफटीच्या टाकीत आला. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. हवेतली ओल ते शोषून घेतं. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलं की पाणी तळाशी बसतं आणि टाकीला आतून गंज धरतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर या रसायनासाठी केलेलेच नव्हते, ते फुगतात. यावर उपाय दोन. नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, आणि टाकीतलं पेट्रोल आठवड्या-पंधरवड्यात जाळून टाकावं. पेट्रोल जाळण्याची सर्वांत सोपी पद्धत गाडी चालवणे ही आहे. मनुष्यजातीला दुसरी इतकी सुखाची पद्धत अजून सापडलेली नाही.

इतकं सगळं असताना सरकारनं कोणाची बाजू घ्यावी? रसिकाची! जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे 'व्हिंटेज'. तिला स्वतंत्र नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांनी फेरनोंदणी पाच हजार. जुना नंबर असेल तर तो राखता येतो, हे चांगलंच केलं. शासनाला जुन्या गाडीची आठवण झाली, तिला कायद्यात नाव मिळालं, याबद्दल मी उभा राहून टाळ्या वाजवायला तयार होतो. तेवढ्यात पुढचं कलम वाचलं आणि खाली बसलो.

ही गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, तांत्रिक संशोधनासाठी न्यावी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. बस्स. आता यातली गंमत बघा. दुरुस्तीला नेता येते पण वापरता येत नाही. म्हणजे दुरुस्त कशासाठी करायची, तर पुन्हा दुरुस्तीला नेता यावी म्हणून! पेट्रोल भरायला जायचं, आणि ते कशात संपवायचं, तर पेट्रोल भरायला जाण्यात. उद्या कोणी पौडच्या बाजारातून या गाडीवर कोथिंबिरीची जुडी आणली आणि वाटेत हवालदारानं अडवलं, तर त्यानं काय सांगावं? 'साहेब, तांत्रिक संशोधन चालू आहे. चाळीसच्या वेगाला कोथिंबीर किती सुकते ते पाहतोय.'

ज्या गाडीनं पन्नास वर्षं कोथिंबीर आणली, तिला एक्कावन्नाव्या वर्षी कोथिंबीर आणायला बंदी, आणि हा तिचा सन्मान! आपल्याकडे माणसाचा सत्कार असाच करतात. शाल, श्रीफळ आणि 'आता तुम्ही काही करू नका.'

मी तो बिल्ला घेणार नाही. जुनी नोंदणी आहे, पाच-पाच वर्षांनी तपासणीला गाडी नेतो, पर्यावरण कर भरतो, विमा भरतो आणि नेहमीच्या माणसासारखा नेहमीच्या कामाला नेहमीच्या रस्त्यानं जातो. मुळशी हा सत्याग्रहाचा तालुका आहे. १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी लढा दिला, तुरुंग भोगला, आणि शेवटी गावं पाण्याखाली गेली ती गेलीच. त्या मोठ्या लढ्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण चांगली नांदती वस्तू बुडवून तिच्या काठावर लोकांनी फोटो काढत बसावं, हे दृश्य आम्हाला इथे नवं नाही, एवढंच.

आता जावा ही मुळात कोणाची गाडी होती ते आठवा. झेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून 'जावा' केलं. आपल्याकडे रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून म्हैसूरला ती बनवली. १९७३ पासून तिचं नाव येझ्दी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. पस्तीस वर्षांत ही गाडी कोणी घेतली? गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरांनी, शाळामास्तरांनी, कंत्राटदारांनी, विमा एजंटांनी, दूधवाल्यांनी. जावेला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. म्हणजे मिळकत एक आणि खर्चाच्या वाटा दोन. मध्यमवर्गाला ती इतकी आपली का वाटली याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही. तिची किकच पुढे वळवली की गिअरचा दांडा होते. एकाच भांड्यात आमटी आणि त्यातच कढी करणाऱ्या गृहिणीची ती यंत्रविद्या होती. अशा संसारी गाडीला मखमलीवर बसवून तिची महाराणी करणं हा तिच्या जातीचाच अपमान आहे.

माझ्या विरोधकांकडे तीन मुद्दे आहेत. ते लबाडीचे नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा धुराचा. टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते. सोडते. जळालेल्या पेट्रोलबरोबर थोडं न जळलेलंही बाहेर टाकते, आणि २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले तेव्हा या गाड्या बाजारातून गेल्या त्या योग्य कारणानं गेल्या. पुन्हा लाखांनी टू-स्ट्रोक गाड्या बनवा असं मी म्हणत नाही. पण आज तालुक्यात चालू जुन्या गाड्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्या आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर धावणार. रविवारी चांदणी चौकापासून ताम्हिणीपर्यंत इंजिन चालू ठेवून, काचा वर करून, एसी लावून उभी असलेली मोटारींची रांग निसर्ग बघायला आलेली असते. तिच्यातून कोणी माझ्या धुराकडे बोट दाखवलं तर बोट आत घेताना काच खाली करावी लागेल एवढं लक्षात ठेवावं. शिवाय तेल मापून घातलं, सायलेन्सरमधला कार्बन वेळेवर काढला आणि कार्बोरेटर जागेवर ठेवला तर धूर निम्मा होतो, हे चालवणाऱ्यालाच कळतं. न चालवणाऱ्याची गाडी वर्षातून एकदा चालू होते आणि वर्षाचा धूर एकदम सोडते.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. जुन्या ड्रम ब्रेकला आजच्या रहदारीत भरवसा नाही. कबूल. म्हणून पहाटे जावं, हळू जावं, घाटात गिअरवर उतरावं आणि लायनर वेळेवर बदलावेत. जुनी गाडी माणसाला सावध करते. नवी गाडी तुमच्या वतीनं सावध राहते आणि तुम्ही मोबाईल बघता.

तिसरा मुद्दा सुट्या भागांचा. 'पार्ट मिळत नाहीत हो!' हे वाक्य बोलणाऱ्यानं बहुधा शोधलेले नसतात. नाना पेठेत विचारावं. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटाकडे वाकून बघावं. तिथे कुलूप, कंदील आणि ग्रामोफोनच्या कर्ण्याच्या मध्ये तुम्हाला हवा तो क्लच-लिव्हर पडलेला असतो. आणि नाहीच मिळाला तर लेथवाला करून देतो. एक बुश बनवायला त्याला अर्धा तास पुरतो. नव्या गाडीचा सेन्सर बिघडला तर त्याच लेथवाल्यानं हात जोडावेत अशी स्थिती आहे. तेव्हा दुरुस्त न होणारी गाडी कोणती, जुनी की नवी, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

आता खरं दुखणं सांगतो. ते गाडीचं नाहीच.

पौडला आमचे एक मिस्त्री आहेत. सत्तरी उलटली आहे. त्यांच्या दुकानाला पाटी नाही, कारण दुकान शोधावं लागतं असं कधी झालं नाही, आवाजावरून सापडायचं. मिस्त्री गाडी उघडण्याआधी ऐकतात. डोळे मिटतात, मान थोडी तिरपी करतात. मग म्हणतात, "पॉइंट जवळ आलेत. अन् डाव्या बाजूनं हवा खातीय." फीलर गेजनं मोजावं तर पॉइंटचं अंतर जे ०.४ मिलिमीटर हवं ते खरंच कमी भरतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. पन्नास वर्षांच्या बिघाडांनी ती त्यांच्या कानात साठवली आहे. माझ्या थोरल्यानं त्यांच्याजवळ बसून ठिणगी कशी पडते ते पाहिलं. शाळेत त्याला त्याच धड्यात अठरा मार्क होते, पण ठिणगी पहिल्यांदा इथे पडली.

पूर्वी मिस्त्रींकडे दारात दहा गाड्या उभ्या असत. आता महिन्यात दोन. मी म्हटलं, "मिस्त्री, जुन्या गाड्यांना तर एवढा भाव आलाय. तुमचं काम वाढायला हवं."

ते हात पुसत म्हणाले, "साहेब, भाव आला तवाच काम गेलं. पहिलं लोक गाडी चालवायची, मग ती बिघडायची, मग माझ्याकडं यायची. आता उभीच ठिवत्यात. उभी गाडी बिघडत न्हाई, नुसती मरती."

इतकं साफ अर्थशास्त्र आमच्या बी. कॉम.च्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. चालणारी गाडी बिघडते, बिघडलेली गाडी मिस्त्रीला जगवते, जगलेला मिस्त्री पोराला शिकवतो, आणि शिकलेलं पोर पुढची गाडी चालती ठेवतं. ही साखळी आहे, आणि रसिकानं तिच्यातली पहिलीच कडी काढून काचेच्या कपाटात ठेवली. मिस्त्रींचा मुलगा आज पिरंगुटला कारखान्यात आहे. पगार वेळेवर होतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या कानांचं काय? त्यांना कोणी क्रोम करून ठेवू शकत नाही. मखमल टाकून ते राखता येत नाहीत. ज्या दिवशी हे मिस्त्री जातील, त्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या चकचकीत गाड्या एकदम बहिऱ्यांच्या हाती पडतील.

म्हणून म्हणतो, गाडी घरी उघडा. त्याला गॅरेज लागत नाही. मागचं अंगण, एक जुनी परात, रॉकेलऐवजी आता डिझेल, पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि घरातल्या माणसांचा थोडा सोशिकपणा एवढं पुरतं. टाकीत गंज असेल तर मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून हलवा, व्यायाम होतो. जेटमध्ये तार घालू नका, फुंकर घाला. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर ओळीनं मांडा आणि तो कागद पंख्याखाली ठेवू नका. आमची ही पहिल्यांदा म्हणाली होती, "अहो, माझी परात आहे ती!" आता परात गाडीची झाली आहे आणि घरात नवी परात आली. दोन्ही पक्ष समाधानी आहेत. रंग उडाला असेल तर उडू द्या. टाकीवर तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांनी घासून पडलेले दोन फिके डाग असतील तर ते तरी कृपा करून पॉलिशवाल्याला दाखवू नका. सगळ्या गाडीत तेवढीच जागा अशी असते की जी जुन्या बाजारात मिळत नाही.

सणांचंच बघा. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पुजतो, कारण दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन असतं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, कारण तो उरलेलं वर्ष राबलेला असतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा दिवस साजरा होतो, आपल्याकडेही या गाड्या ओळीनं निघतात, आवाजानं रस्ता भरून जातो. फार सुंदर दिसतं. त्यांत वर्षभर चालवणारे लोक असतात, त्यांना माझा दंडवत. पण टेम्पोतून आणलेला बैल पोळ्याला उभा करणाऱ्यांना मी काय म्हणू? बेगड शोभायला आधी खांद्याला वळ लागतो.

टीका करून थांबणं बरं नव्हे, म्हणून सरकारला एक सूचना करतो. ती मला कामावरच सुचली. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर निवृत्त मंडळींची रांग लागते. पेन्शन चालू ठेवायची तर आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. कोणी काठी टेकत येतं, कोणी नातवाचा हात धरून. आम्ही त्यांना बसवतो, यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतो, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली की ते 'म्हणजे आहे म्हणायचं!' असं हसून निघून जातात. 'तुम्ही फार मौल्यवान आहात, तेव्हा घराबाहेर पडू नका' असं आम्ही त्यांना सांगत नाही. उलट न आल्यास पेन्शन थांबते.

हाच नियम फटफटीला लावावा. ज्याला व्हिंटेजचा मान हवा त्यानं वर्षातून एकदा गाडी स्वतः चालवत परिवहन कार्यालयात आणावी. टेम्पोतून आलेली गाडी अपात्र. दारात बंद करायची, थंड होऊ द्यायची, आणि अधिकाऱ्यासमोर फार तर पाचव्या किकला चालू करून दाखवायची. मागच्या वर्षापेक्षा मीटर किमान पाचशे किलोमीटर पुढे गेलेला हवा. एवढं झालं की तिला हयातीचा दाखला द्यावा आणि वर्षभर कोथिंबीर, दळण, नातेवाईक, काय हवं ते वाहायची मुभा द्यावी. अंगठ्याची सोय काय, असं कोणी विचारेल. त्याची चिंता नको. जुनी गाडी दहा मिनिटं उभी राहिली की खाली फरशीवर तेलाचा एक ठिपका टाकतेच. तोच अंगठा समजावा.